परतीच्या पावसात घराजवळचा एक दिवस : मराठवाड्यातील वाचकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मराठवाड्यातील बहुतेक घरांत एक तरी सहल ठरते आणि तिचा क्रम बहुधा एकाच ठिकाणी चुकतो. सकाळी लख्ख ऊन दिसते म्हणून निवांत आवरले जाते, दहा-साडेदहाला गाडी निघते, बारा वाजता धबधब्यापाशी पोहोचल्यावर उकाड्याने जीव नकोसा होतो, डबे उघडावेत तोच आभाळ भरून येते आणि संध्याकाळी फरशी पुलाच्या अलीकडे, पाणी उतरण्याची वाट पाहत, लेकराबाळांसह ताटकळावे लागते. पुष्कळ जण याचे खापर पावसावर फोडतात. खरे तर चूक वेळेच्या निवडीत असते, आणि वेळ चुकते ती दिवस ओळखता न आल्यामुळे. म्हणून या लेखात ठिकाणांच्या यादीपेक्षा तयारीला आणि क्रमाला अधिक जागा दिली आहे.

टप्पा १ : दिवस कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे

या दिवसांतला पाऊस जूनच्या पावसासारखा वागत नाही. ढोबळमानाने तीन प्रकारचे दिवस येतात आणि प्रत्येकाचे नियोजन वेगळे करावे लागते.

पहिला झडीचा दिवस. बंगालच्या उपसागरावरून आलेले कमी दाबाचे क्षेत्र विदर्भ-मराठवाड्यावरून सरकू लागले की आभाळ एकसारखे राखाडी होते, सूर्य दिसत नाही आणि पाऊस थांबून थांबून दिवसभर पडतो. हवा गार असते, विजांचा जोर तुलनेने कमी असतो. मात्र ओढे-नाले हळूहळू चढत जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस्ते खचू लागतात.

दुसरा गडगडाटी दिवस. पावसाने मुरलेली जमीन, वर कडक ऊन आणि हवेतला दमटपणा यांमुळे दुपारनंतर उंच ढग तयार होतात. सकाळ अत्यंत फसवी असते. अकराच्या सुमारास क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग वर चढताना दिसू लागले आणि अंगाला घाम सुटून वारा पडला, तर दोन ते सहाच्या दरम्यान विजांसह पाऊस येणार असे धरून चालावे. हा पाऊस एका शिवारात धो-धो कोसळतो आणि शेजारच्या गावाला कोरडे ठेवतो.

तिसरा उघाडीचा दिवस, म्हणजे झड संपल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा दिवस. पाणी वाहते असते, हवा धुतलेली असते, ऊन अजून तापलेले नसते. बाहेर पडायला हाच दिवस सर्वांत चांगला; फक्त दगड शेवाळलेले आणि ओढे भरलेले असतात, एवढे विसरू नये.

हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी पाहावा. हिरवा असेल तर हरकत नाही. पिवळ्यात सकाळपुरते बाहेर पडता येते. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत पुढे ढकलावा. या इशाऱ्यांतील ‘मुसळधार’ या शब्दाचा अर्थ २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर असा निश्चित आहे. आपल्याकडे एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरली जाते, म्हणजे ‘मुसळधार’ हा शब्द हलक्याने घेण्याजोगा नाही. जिल्ह्याचा इशारा मात्र पूर्ण जिल्ह्याला मिळून असतो. आपल्या तालुक्यात नेमके काय चालले आहे ते कळण्यासाठी तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलमध्ये आधीच घेऊन ठेवावे. ते आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते.

तपासणी : उद्याचा दिवस झडीचा, गडगडाटी की उघाडीचा, हे एका शब्दात सांगता येत नसेल, तर ठिकाण ठरवण्याची घाई करू नये.

टप्पा २ : ठिकाण निवडावे

बहुतेक लोक आधी ठिकाण ठरवतात आणि मग पावसाकडे पाहतात. क्रम उलटा हवा. ठिकाण निवडताना चार प्रश्न विचारावेत : घरापासून अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे का, वाटेत किती ओढे किंवा कमी उंचीचे पूल लागतात, शेवटच्या टप्प्यातील जमीन मुरमाड आहे की काळी, आणि तिथे पाच मिनिटांत गाठता येईल असे पक्के छत आहे का. दुसऱ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वीस किलोमीटरवरचे पण वाटेत तीन फरशी पूल असलेले ठिकाण हे पन्नास किलोमीटरवरच्या, महामार्गालगतच्या ठिकाणापेक्षा त्या दिवशी दूरच असते.

छत्रपती संभाजीनगरकरांसाठी वेरूळ हे झडीच्या दिवसाचे उत्तम ठिकाण आहे, कारण रस्ता डांबरी, अंतर सुमारे तीस किलोमीटर आणि आत शिरायला चौतीस लेण्यांचे छत. एकोणतिसाव्या लेण्याजवळ येळगंगेचा प्रवाह कड्यावरून खाली पडतो. तो पाहण्यासाठी गर्दी होते, पण कड्याच्या कडेला आणि खालच्या डोहात उतरण्याचा मोह टाळावा. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, ही साधी गोष्ट न पाहता निघालेली कुटुंबे फाटकावरून परत फिरताना दर वर्षी दिसतात. सिल्लोड, सोयगावकडच्या लोकांना अजिंठा जवळ आहे. परंतु तिथे लेणी सकाळी नऊला उघडतात आणि फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढे बसने जावे लागते, त्यामुळे गडगडाटी दिवसाच्या पहाटेच्या बेतात ते बसत नाही. ते झडीसाठी राखून ठेवावे.

म्हैसमाळ धुक्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे जाणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे संध्याकाळचा सूर्यास्त पाहण्याचा हट्ट. सुमारे हजार मीटर उंचीच्या उघड्या पठारावर गडगडाटी दिवशी दुपारी उभे राहणे हे विजेला आमंत्रण आहे. तिथे सूर्योदयाच्या सुमारास पोहोचून अकरापूर्वी खाली उतरावे. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून नाल्याच्या पात्रात जावे लागते. म्हणून झडीत आणि झडीनंतरच्या पहिल्या दिवशी ते टाळावे, चांगली उघाड पडल्यावर जावे. गौताळ्याच्या अभयारण्यात प्रवेशाच्या वेळा आणि बंद वाटांविषयी वनविभागाच्या नाक्यावर विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याजवळचे कपिलधार आणि पाटोदा तालुक्यातील सौताडा ही दोन्ही ठिकाणे बालाघाटाच्या कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्यासाठी आहेत. सौताड्याला विंचरणा नदीचे पाणी खोल दरीत पडते. वरून पाहणे आणि खाली रामेश्वराच्या मंदिरापर्यंत उतरणे हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत, आणि वृद्ध माणसे बरोबर असतील तर वरूनच पाहावे. धाराशिवकरांना येडशीजवळचे रामलिंग सर्वांत सोयीचे.

नळदुर्गाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल. तेथील नर-मादी धबधबे केवळ पाऊस पडला म्हणून सुरू होत नाहीत. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून पाणी नदीत येऊ लागल्यावरच किल्ल्यातील बंधाऱ्यावरून ते कोसळतात. त्यामुळे आपल्या अंगणात दोन दिवस झड लागली म्हणून नळदुर्गाला धाव घेणारा कोरडा बंधारा पाहून येण्याची शक्यता असते, आणि आठवडाभर ऊन असतानाही तिथे धो-धो पाणी असू शकते. आधी धरणाची स्थिती विचारावी, मग निघावे. तुळजापूरमार्गे जाणाऱ्यांनी नवरात्र आणि कोजागरी पौर्णिमा यांच्या तारखा पाहाव्यात. त्या काळात पायी चालणाऱ्या भाविकांमुळे वाहतूक वळवली जाते आणि तासाभराचा रस्ता तीन तासांचा होतो. माहूरलाही नवरात्रात हाच अनुभव येतो.

इस्लापूरजवळचे सहस्रकुंड पैनगंगेवर आहे आणि वरच्या बाजूच्या इसापूर धरणातून पाणी सोडले की तिथली पातळी ऊन असतानाही वाढते. पैठणला नाथसागराचे दरवाजे उघडलेले असताना गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या उतरू नयेत. धरणाखालच्या कोणत्याही नदीला हा नियम लागू आहे.

परभणी, लातूर, हिंगोलीकडचे लोक ‘आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणून शंभर-दीडशे किलोमीटरचा बेत आखतात. हा हिशेब मला पटत नाही. गावाजवळच्या पाझर तलावाचा वाहता सांडवा, तरवडाच्या पिवळ्या आणि कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांनी भरलेला मुरमाड माळ, किंवा पाहुण्यांच्या रानातली चार तासांची बैठक हा या ऋतूचा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत कमी दगदगीचा बेत आहे. मात्र हे सोयाबीनच्या काढणीचे दिवस आहेत. आधी विचारल्याशिवाय कोणाच्या रानात जाऊ नये, आणि काढणीची धांदल चालू असेल तर पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नये.

सावधान : जुने किल्ले, गढ्या आणि पडके वाडे झडीत पाहायला जाऊ नये. हस्ताचा पाऊस भिंती पाडतो, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. मुरलेली माती आणि सुटलेला चुना पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस कोसळत राहतो. देवगिरी किल्ल्यातील अंधारीतले, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतले दगड तर ओलसर हवेत फार निसरडे होतात.

टप्पा ३ : आदल्या दिवशीची तयारी

ठिकाणाजवळ राहणाऱ्या कोणाला तरी फोन करावा. नातलग, ओळखीचा शिक्षक, फाट्यावरचा चहावाला, कोणीही चालेल. त्याला ‘पाऊस आहे का’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘आहे थोडा’ असेच येते. ‘काल ओढ्यावरून गाड्या गेल्या का’ आणि ‘वाटेत कुठे माती आली आहे का’ हे दोन प्रश्न नेमके विचारावेत.

कपड्यांच्या बाबतीत जीन्स ही सर्वांत वाईट निवड आहे. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलून निघतात. पातळ, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. पूर्ण बाह्यांचे कारण पावसापेक्षा गाजर गवत आहे. या दिवसांत ते कमरेएवढे वाढून फुललेले असते आणि अनेकांच्या अंगाला त्याने पुरळ उठते. पायात मागून पट्टा असलेले, खाचदार तळाचे सँडल किंवा बूट असावेत. साधी चप्पल काळ्या चिखलात अडकून राहते आणि उरलेला चिखल पाठीवर उडवते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाऱ्यात तारांबळ उडत नाही. प्रत्येकासाठी एक जोड कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीतच ठेवावेत, पाठीवरच्या पिशवीत नव्हे.

जेवणासाठी धपाट्यांना तोड नाही, पण ती चुकीच्या पद्धतीने बांधल्यामुळे दुपारपर्यंत चिकट होतात. ज्वारीच्या पिठात निम्मे बेसन आणि थोडी कणीक घालून, किसलेली काकडी किंवा दही यांच्या ओलाव्यावरच पीठ मळावे. वेगळे पाणी शक्यतो घालू नये. भाजलेली धपाटी गरम असताना स्टीलच्या डब्यात कोंबली की झाकणाची वाफ पाणी होऊन परत त्यांच्यावर पडते. ती आधी सुती कापडावर पसरून निववावीत आणि मग कापडातच गुंडाळून डब्यात ठेवावीत. दही वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. पाणी घरूनच घ्यावे, माणशी निदान दोन लिटर; या दिवसांत ओढ्याचे आणि उघड्या विहिरीचे पाणी गढूळ असते आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण याच काळात वाढतात. बालाघाटाच्या बाजूला जाणाऱ्यांनी फळे नेऊ नयेत. वाटेवर सीताफळांच्या पाट्या लागतात आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेले नाही.

गाडीचे टायर, वायपर आणि दिवे संध्याकाळीच तपासावेत. मोटारसायकल असेल तर मडगार्ड आणि चाक यांच्यामधील जुना वाळलेला चिखल काढून टाकावा; त्यावर नवा चिखल बसला की चाक फिरेनासे होते. मोबाइल पूर्ण चार्ज करावेत, कारण परतल्यावर घरी वीज असेलच असे नाही.

टप्पा ४ : निघण्यापूर्वीची तपासणी

सकाळी पाच वाजता उठून पुढील तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्यांपैकी एक जरी बिघडली तरी बेत बदलावा : इशाऱ्याचा रंग रात्रीतून बदलला आहे का, ठिकाणाच्या वरच्या अंगाला रात्री जोराचा पाऊस झाला आहे का, घरातील कोणाला ताप, पोट बिघडणे असा काही त्रास आहे का. बेत बदलणे म्हणजे रद्द करणे नव्हे. दुसऱ्या टप्प्यातील पाझर तलाव यासाठीच आहे.

गडगडाटी दिवशी सहाला निघून साडेसातच्या आत पोहोचावे, साडेदहाला खाऊन घ्यावे, बारापर्यंत परतीची चाके फिरावीत आणि दीडच्या सुमारास घर गाठावे. उघाडीच्या दिवशी दोन तासांची सूट घेता येते. झडीच्या दिवशी पहाटेची घाई नको. उजेड चांगला पडल्यावर, आठ-नऊला निघावे, कारण अर्धवट उजेडात पाण्याने भरलेले खड्डे कळत नाहीत.

घरी राहणाऱ्या एकाला ठिकाण, वाट आणि परतण्याची वेळ सांगून निघावे. दरीत मोबाइलला रेंज नसते.

टप्पा ५ : ठिकाणावरचा क्रम

पोहोचल्यावर गाडीचे तोंड परतीच्या दिशेला करून ती डांबरी किंवा मुरमाड जागेवर लावावी. त्यानंतर पाण्याकडे जाण्याआधी दोन मिनिटे उभे राहून पळण्याची वाट आणि छत पाहून ठेवावे. हे ऐकायला अतिरेकी वाटते, पण पाऊस कोसळू लागल्यावर धुरकट झालेल्या डोंगरात आल्या वाटेचे तोंडही सापडत नाही.

पाण्याजवळचा कार्यक्रम सर्वांत आधी उरकावा आणि जेवण त्यानंतर, पाण्यापासून दूर व उंचावर घ्यावे. लोक नेमके उलट करतात : आधी पात्रातील खडकावर सतरंजी पसरतात, जेवतात आणि जड पोटाने, दुपारी, म्हणजे धोक्याच्या वेळी पाण्यात उतरतात. आपल्या डोंगरातला काळा खडक ओला असताना जितका निसरडा दिसतो त्यापेक्षा वरचा थर वाळून खाली हिरवट शेवाळ राहिलेले असताना जास्त घातक असतो. पाऊल टाकण्याआधी काठीने घासून पाहावे. धबधब्याच्या थेट खाली उभे राहू नये, कारण वरून पाण्याबरोबर दगडही येतात. डोहाची खोली गढूळ पाण्यात कळत नाही, म्हणून पोहता येणाऱ्यांनीही गुडघ्यापलीकडे जाऊ नये.

एका मोठ्या माणसाने पाण्यात न उतरता फक्त वरच्या अंगाकडे लक्ष ठेवावे. आपल्या डोक्यावर ऊन असताना दहा किलोमीटर वर पाऊस झालेला असतो आणि लोंढा अचानक येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, काड्या-पाचोळा वाहत येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, यांपैकी एक खूण दिसताच सामान तिथेच टाकून उंचावर जावे. चपला शोधत बसू नये.

लेण्यांच्या कड्याला आणि किल्ल्यांच्या कमानींना आग्या मोहोळ लटकलेले असते. त्याच्याखाली विडी-सिगारेट, धूप किंवा तीव्र अत्तर चालत नाही, आणि लेकरांनी दगड भिरकावला तर सर्वांनाच पळावे लागते. ओलसर दगडांच्या सापटीत हात घालू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आढळतात. दंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट दोरी बांधू नये. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून रुग्णाला थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

टप्पा ६ : विजांची वेळ

मराठवाड्यात या ऋतूतील सर्वांत मोठा धोका पुराइतकाच विजेचा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. बाहेरचा कार्यक्रम तेव्हाच थांबवावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा बाहेर येऊ नये. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडणारे लोक याच अर्ध्या तासात सापडतात.

पक्के घर, मंदिराचा बंदिस्त गाभारा किंवा काचा लावलेली चारचाकी ही सुरक्षित ठिकाणे. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, विजेच्या खांबाजवळ, तलावाच्या काठावर थांबू नये. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवरून उतरावे. आसरा नसेलच तर सखल पण पाणी न साचलेल्या जागी, पाय जुळवून, उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे पडू नये आणि एकमेकांपासून अंतर ठेवावे. झाडाखाली गोळा होण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की हे वाक्य निघण्यापूर्वी घरातील सर्वांना मोठ्याने सांगावे लागते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्यामुळे त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास बंद असेल तर छातीवर दाब देण्यास तात्काळ सुरुवात करावी आणि ११२ किंवा १०८ ला कळवावे.

टप्पा ७ : परतीची वाट

वाहत्या पाण्यातून जाताना लोक खोलीचा अंदाज डोळ्यांनी घेतात. तो चुकतो, कारण पाण्याखालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे हे वरून दिसत नाही. घोट्याच्या थोडे वर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, तीस सेंटिमीटर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते आणि साठ सेंटिमीटरमध्ये बहुतेक वाहने वाहून जातात. समोरचा ट्रक किंवा ट्रॅक्टर पलीकडे गेला हा आपल्या मोटारीसाठी पुरावा नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर इंजिन बंद करून उंचावर थांबावे. छोट्या ओढ्याचे पाणी अनेकदा दोन-तीन तासांत उतरते, मोठ्या नदीचे उतरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेर सीना काठच्या गावांनी हे पाहिलेच आहे. थांबणे लांबणार असे दिसले तर मागच्या गावात परतावे आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर रस्त्याची स्थिती विचारावी.

काळ्या मातीचे शास्त्र थोडक्यात असे : ती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते, म्हणून पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासातच पाणंद रस्ता बंद झाल्यात जमा असतो. जवळची वाट म्हणून पाणंदीत गाडी घालणे ही सहलीतली सर्वांत महाग चूक ठरते. चाक रुतलेच तर जोरात एक्सलेटर देऊ नये. फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खोल करते. माणसे उतरवावीत, चाकापुढचा चिखल हाताने किंवा फावड्याने काढावा, शेतकऱ्याला विचारून जुन्या तुराट्या-पऱ्हाट्या किंवा मुरूम खाली घालावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच गाडी काढावी. ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली तर डिझेलचे आणि वेळेचे पैसे आपण होऊन द्यावेत.

डांबरी सडकेवर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून गाडी नेऊ नये. धान्याचे नुकसान होतेच, शिवाय शेंगांवरून दुचाकी हमखास घसरते. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून तो कोरडा करावा.

टप्पा ८ : घरची दुपार

दीड-दोनला घरी पोहोचल्यावर दिवसाचा दुसरा, माझ्या मते अधिक चांगला भाग सुरू होतो; पण तो मिळण्यासाठी पहिल्या अर्ध्या तासाचा क्रम पाळावा लागतो. आधी सर्वांनी कोमट पाण्याने पाय धुवावेत आणि बोटांमधील ओलावा पुसावा. अंगावर, विशेषतः कानामागे आणि काखेत, गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. मग बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाऱ्यावर ठेवावेत, चुलीजवळ ठेवू नयेत; तळ सुटतो. कपड्यांवरचा काळा चिखल ओला असताना चोळू नये, वाळू द्यावा, झटकावा आणि मग थंड पाण्यात भिजवावे. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र उलट : मडगार्डमधील चिखल ओला असतानाच धुऊन टाकावा, कारण वाळल्यावर तो खरवडून काढणे फार जड जाते. गडगडाट सुरू होण्यापूर्वी टीव्ही आणि संगणकाचे प्लग काढावेत. माळवदाच्या घरात आदल्या पावसात जिथे गळले होते तिथे भांडे आधीच लावून ठेवावे आणि ज्या भिंतीला ओल आली आहे तिच्या कडेला लेकरांची अंथरुणे घालू नयेत.

चारच्या चहाबरोबर सुशीला करावा. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढावेत. मिनिटभर जरी भिजत राहिले तरी त्यांचा लगदा होतो. कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांच्या फोडणीत ते परतून वरून फुटाण्याच्या डाळीचे कूट घालावे. भजी करायची असतील तर पीठ आधी भिजवून ठेवू नये, कांद्याला पाणी सुटून ते पातळ होते आणि तेल पिते. रात्रीसाठी येसर आमटी आणि गरम भाकरी पुरेशी आहे. वीज गेली तर चल्लस-आठ या घरगुती खेळाचा पट खडूने फरशीवर आखता येतो, त्याला चार्जिंग लागत नाही.

दुपारी पाऊस आलाच नाही तर

असे अनेकदा होते आणि मग ‘उगाच लवकर परतलो’ अशी कुरकुर सुरू होते. त्या भरात चार वाजता पुन्हा गाडी काढून दूर जाऊ नये. गडगडाटी ढग सहानंतरही येतात आणि अंधारात फरशी पुलावरचे पाणी दिसत नाही. साडेपाचच्या सुमारास तात्काळ अंदाज आणि दामिनी पाहावे. दोन्ही स्वच्छ असतील तर गावालगतच्या सडकेने, पक्क्या घरांपासून दहा मिनिटांच्या अंतरात राहील असा फेरफटका पायी मारावा, हातात बॅटरी असावी आणि दिवेलागणीला परत यावे.